कोल्हझिरीची सव्वा मूठ

दोंडाईच्याची एस.टी. फाट्यावर सोडून देते. पुढचा माळ आपल्या पायांनीच तुडवायचा. वाटेत झाड म्हणाल तर बाभूळ, तिच्याकडे सावली मागून तिलाच लाजवू नये. माळ उतरला की खारा नाला लागतो आणि नाल्याच्या काठाला माझं माहेर, कोल्हझिरी. गाव कसलं, एका हाकेत मावेल एवढी वस्ती.

आमचा मूळपुरुष उखर्डू. कुठल्याशा दुष्काळात तो गुरं घेऊन इकडे आला, तेव्हा नाला ठणठणीत कोरडा होता. एक कोल्हा वाळू उकरताना दिसला. तो पळाल्यावर उखर्डूने तिथेच हातभर उकरलं आणि खालून गोड पाणी झिरपायला लागलं. त्याने तिथेच मुक्काम ठोकला. आजूबाजूच्या विहिरी अजून मचूळ आहेत, आमचा झिरा मात्र गोड. माझ्या लग्नात अमळनेरच्या विहिणींनी ‘कोल्ह्याची पोर आणली’ म्हणून हसून घेतलं. हसा म्हटलं, तुमच्या नळाला आधी तशी चव येऊ द्या.

घरं सगळी धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची. दर वैशाखात छपरावर नवी खारी माती पसरावी लागते, नाहीतर पावसाळ्यात धाबं खाली बसतं. माझे भाऊ अभिमन आणि सुकदेव, चुलते, चुलतभाऊ, सगळे एकामागून एक सुरतेला मागावर कामाला गेले. माझी माय भिकुबाई हातपाय चालत होते तोवर त्यांच्या रिकाम्या घरांवरही खारी टाकत राहिली. उद्या आले तर निजतील कुठे, म्हणायची. उद्या काही उजाडला नाही, धाबी मात्र बसली.

यायचे ते फक्त श्रावणात, कानबाईला, देवीच्या सणाला. आमच्याकडे तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. एका माणसाची मूठ एकाच ठिकाणी निघते. ते रोट फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी खायचे, शिवेबाहेर न्यायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. लग्न झालेली पोर दुसऱ्या कुळाची, तिला रोट चालत नाही. आता गंमत बघा, माझ्या सासरी कानबाईच नाही. म्हणजे गहू निवडायला मी, दळायला मी, भाजायला मी, आणि खायला बाप्ये! लहानपणी खाल्लेल्या रोटाची चव मात्र जिभेवरून हटत नव्हती. दर श्रावणात मी हट्टाने माहेरी जायची आणि नुसता वास घेऊन परत यायची.

एक्क्याण्णव साली आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, अभिमनभाऊ आला. जेवून हात धुतले आणि म्हणाला, “माय, औंदा कानबाई सुरतलेच मांडसूत. बठ्ठा भाऊबंद तठेच शेतस. तू बी चाल.”

“आनि आठली?” मायने इथल्या कानबाईचं विचारलं.

“आठे कोन शे आते?”

“मी शे ना.”

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. त्याचंही चूक नव्हतं, सुट्टी मिळत नव्हती, पण मला त्याचा राग आला तो आलाच.

श्रावणातल्या त्या शनिवारी मी कोल्हझिरीला पोचले, तेव्हा मायने घर सारवून ठेवलं होतं. कोपऱ्यात देवीचा पाट मांडला होता. गव्हाच्या डालकीत हात घालून ती बसली होती आणि हात काही वर येत नव्हता. सगळ्यांच्या मुठी तिकडे निघालेल्या. इथे मोजायला पुरुषच उरला नव्हता. आणि मूठ नाही तर रोट नाहीत, रोट नाहीत तर कानबाई नाही. तेवढी एक गेली की कोल्हझिरीत येण्याचं कुणाला कारणच उरणार नव्हतं.

“कोना नावनी काढू, पुष्पा?”

मी म्हटलं, “ऱ्हाऊ दे, माय. चाल मनासंगे अमळनेरले.”

“अमळनेरले झिरा शे का?”

तिने दाराबाहेरच्या पडक्या धाब्यांकडे पाहिलं. मग सुपात सव्वा मूठ टाकून म्हणाली, “ही उखर्डूनी.”

“माय, तो मरीसन किती पिढ्या व्हयन्यात!”

“मंग? तेले सुरतमा कोनी मोजाव नही.”

आणि मग तिचा हात थांबेना. झिऱ्याला दगड बांधणारा पुना. वाघाच्या तोंडून वासरू सोडवणारा निंबा. पटकीच्या साथीत माळावर जाऊन राहिलेले आणि परत न आलेले दोघे भाऊ. माझे आजोबा. शेवटी माझे वडील, ती मूठ तिने जरा घट्ट धरली. सगळं गाव सुपात उतरलं. आम्ही समोरासमोर बसून दळणाचा घट्या ओढला. ओव्या म्हणत सगळ्या मुठी दळून काढल्या.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली आणि मायने रोट मोडून अर्धा माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

“माले कसा चाली? मी दुसरा कुळनी.”

“उखर्डू तुना कोनीच नही का?” ती डाफरली. “पुनीवपावत बठ्ठा रोट सराले जोयजेत. मी एकटी कशी खासू?”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एवढ्या मुठी तिने का काढल्या होत्या, ते कळलं. मी सोमवारी निघणार, हे तिला ठाऊक होतं.

मी खाल्ला. तिने झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. सोमवारची एस.टी. मी जाऊ दिली. सासरी ओरडा बसायचा तो बसलाच. पुनवेपर्यंत आम्ही दोघी दुपारी ओट्यावर बसून मेलेल्यांच्या नावाचे रोट खात होतो आणि ती एकेकाच्या गोष्टी सांगत होती.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. तिच्याही धाब्यावर मग कुणी खारी टाकली नाही. आता श्रावण लागला की मला एकच वाटतं, ते रोट मी आणखी हळू खायला हवे होते.