भिंतीत काही नको

टपटपकाका हे नाव त्यांना त्यांच्या बायकोनेच ठेवलं होतं. परदेशातल्या त्या शहरात आपली जी चार माणसं होती त्यांच्यात ते असं रुळलं, की काकांचं खरं नाव आता फक्त पासपोर्टला ठाऊक होतं. काका पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. हातात दीड मीटरची पोलादी काठी, तिचं एक टोक नळावर, दुसरं कानाला. डोळे मिटायचे, श्वास रोखायचा आणि सांगायचं, "इथे खणा." तिथे खणलं की पाणी सापडायचंच. खात्यात पुढे यंत्रं आली, पण यंत्र एक म्हणालं आणि काका दुसरं म्हणाले, तर साहेब काकांच्या जागी खणायचे.

असा कान देवाने जरूर द्यावा, पण घरी येताना तो खात्यात ठेवून यायची सोयही करून द्यावी, असं काकू म्हणायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. माणसं जेवायला बोलवायची आणि काका पहिल्या घासाला थांबून यजमानांना म्हणायचे, "तुमच्या न्हाणीघराच्या मागे सुरुवात झालीय." मग कोण जेवतंय! एकोणीस वर्षांत त्यांनी अकरा भाड्याची घरं बदलली. एकात सिंकखाली टपटप, एकात छतातून, एकात आवाजच नव्हता तर 'येईल असं वाटतंय' म्हणून. प्रत्येक घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या, म्हणून काकूंनी चौथ्या घरानंतर पडदे शिवायचं सोडलं आणि खिडकीला चादर लावायला लागल्या. चादर कुठेही चालते.

अकराव्या घरात काकांनी कहर केला. गळती नक्की आहे म्हणून त्यांनी मालकाच्या तीन भिंती फोडल्या. गळती होती, पण शेजारच्या घरात. मालकाने दोन महिन्यांत जागा सोडायची नोटीस दिली, आणि नेमका त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला.

लेक दोन तासांच्या अंतरावर राहायची. जावई जहाजावर. सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं.

"आई, मी तुझ्याकडे येणार होते," ती म्हणाली, "पण येऊ कुठे ते सांग. मी येऊन पडायचं आणि आठव्या दिवशी बाबांना भिंतीतून काहीतरी ऐकू यायचं. मग मला या पोटासकट टेम्पोत घालणार का? लहानपणी घातलंत, तेव्हा माझं वजन कमी होतं."

"अगं, असं काय बोलतेस?"

"तुम्ही एका जागी राहणार असलात तर येते. नाहीतर मी इथेच एकटी काढते दिवस. शेजारीण चांगली आहे."

फोन स्पीकरवर होता. शेजारीण चांगली आहे, हे वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. बापाचं घर असताना लेकीने शेजारणीच्या भरवशावर बाळंत व्हायचं, यासारखी नामुष्की नाही. ते त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंनी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाड्याच्या जागा बघायला सुरुवात झाली. दलाल तरुण, टापटीप आणि बोलघेवडा होता. तो उजेडाबद्दल बोलत असताना काका भिंतीला कान लावून उभे राहायचे. पहिल्या घरात दलालाला वाटलं, ही यांच्या लोकांची प्रार्थना असावी. तो हात जोडून गप्प उभा राहिला. सहाव्या घरापर्यंत त्याला सवय झाली आणि नवव्या घरात तो स्वतःच भिंतीला कान लावून म्हणाला, "काका, यात मलाही काहीतरी ऐकू येतंय." त्यानंतर त्याने तो धंदाच सोडला, असं ऐकतो.

"भाड्याचं नकोच," काकांनी संध्याकाळी जाहीर केलं. "दुसऱ्याच्या भिंतीत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आपण बांधायचं."

"सहा आठवड्यांत?"

"तयार भिंती मिळतात. ट्रकमधून येतात, तीन आठवड्यांत घर उभं."

शहराच्या टोकाला त्यांनी कधीकाळी जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. काकू त्याला 'आपली इस्टेट' म्हणायच्या आणि हसायच्या. आता त्या हसल्या नाहीत. ठेकेदार आला, त्याने नकाशा पसरला, आणि काकांनी एकच अट घातली.

"भिंतीत काही नको."

"म्हणजे?"

"नळ, जोड, कोपरे, सगळं बाहेर. डोळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणजे मला ऐकावं लागणार नाही."

तुम्हीआम्ही याला वेड म्हणू, पण काकांचा विचार सरळ होता. त्यांना गळतीची भीती नव्हतीच, न दिसणाऱ्या गळतीची होती. जोड समोर असला की माणूस बघून मोकळा होतो. ठेकेदाराने तीनदा विचारून खात्री केली, कागदावर सही घेतली आणि कामाला लागला.

घर खरंच तीन आठवड्यांत उभं राहिलं, आणि ते बघायला लोक गाड्या थांबवू लागले. गरम पाण्याचे लाल नळ, गार पाण्याचे निळे, सांडपाण्याचे करडे. ते भिंतींवरून, दारांवरून, जेवणाच्या टेबलावरून गेले होते आणि निजायच्या खोलीत शिरताना एका निळ्या नळाला मान तुकवावी लागायची. एक टँकरवाला दोनदा येऊन विचारून गेला, दूध इथेच ओतायचं का.

राहायला जायच्या आधी नगर कार्यालयात नोंद करायची होती. तिथल्या अर्जात एक प्रश्न होता: बांधकामाबाहेर दिसणाऱ्या नळांची एकूण लांबी. काकांनी अभिमानाने लिहिलं, दोनशे बारा मीटर.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "चाळीस मीटरच्या वर असेल तर ते घर नसतं. तो कारखाना."

"आम्ही तिथे राहणार आहोत हो," काकू म्हणाल्या.

"राहू शकता. पण कारखान्यात. नाहीतर नळ भिंतीत घाला आणि नवा अर्ज करा. दहा आठवडे लागतील."

लेकीच्या हातात पाच होते. काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत एकोणीस वर्षांच्या चादरी होत्या. काकांनी 'कारखाना' या शब्दापुढे खूण केली.

आठवड्याभरात निरीक्षक बाई आल्या. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य आणि दगडासारख्या ठाम. त्यांनी स्वयंपाकघराला 'तापविभाग' म्हणून टाकलं. तिथे हेल्मेट सक्तीचं. अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली 'संकटकाळी जमण्याची जागा' अशी पाटी लागली.

"उत्पादन काय होतं इथे?" त्यांनी विचारलं.

"भांडणं," काकू म्हणाल्या.

बाईंनी थोडा विचार करून 'सेवा' असं लिहिलं. मग त्यांनी खरी अडचण काढली. कारखान्यात रात्रंदिवस राहायची मुभा फक्त कामावरच्या माणसाला असते. काका तंत्रज्ञ होऊ शकतील. पण काकू कोण?

काकूंनी कमरेला पदर खोचला. "पहारेकरी."

काकूंना ते काम मानवलं, हे कबूल केलं पाहिजे. दारात टेबल, टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही, शेजारी शिट्टी. काका भाजी घेऊन आले तरी त्या वेळ लिहून घ्यायच्या. दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी होती आणि त्या अर्ध्या तासात काकांनी काहीही मागितलं तर मिळत नसे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना सुट्टी मिळत होती. 'अपघाताविना दिवस' असा एक फळाही होता. त्यावर अकराचा आकडा चढला आणि काकूंचं बोट तव्याला लागलं. त्यांनी स्वतःच्या हाताने तो पुसून शून्य केला, आणि तेवढ्या एका गोष्टीचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

काका मात्र सुखात होते. सकाळी चहा घेऊन ते घरभर फिरायचे, एकेका जोडाकडे बघायचे आणि मान डोलवायचे. काठी त्यांनी खात्यातच ठेवली होती. त्यांनी लेकीला फोन केला. "ये. आता मी हलत नाही."

"आधी बघते," ती म्हणाली.

ती आली त्या सकाळी निरीक्षक बाईंची पंधरवड्याची तपासणी होती. टॅक्सी थांबली. लेक एका हाताने पाठ धरून हळूहळू चालत आली, दारातच थांबली आणि वरपासून खालपर्यंत ते घर बघत राहिली. तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती दोन्ही करायला लागली. काकू उठून धावणार, तेवढ्यात बाई मागून म्हणाल्या, "नोंद."

काकूंनी डोळे पुसले, खुर्ची पुढे सरकवली, लेकीला बसवलं आणि वही तिच्यापुढे उघडली. "लिही, बाळा. त्याशिवाय आत घेता येत नाही. नियम आहे."

लेकीने नाव लिहिलं. कोणाला भेटायचं, या रकान्यात 'आईला' लिहिलं. येण्याचं कारण, यात क्षणभर थांबून 'माहेर' लिहिलं. येण्याची वेळ लिहिली. शेवटचा रकाना होता जाण्याच्या वेळेचा. तिथे तिने लिहिलं, 'बाबांना आवाज येईल तेव्हा.'

वही टेबलावर उघडीच होती. काकांनी ते वाचलं. लेक खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होती. तिने ते चिडून लिहिलं नव्हतं, खरं तेच लिहिलं होतं, आणि म्हणून काकांना ते सोसेना. सहा शाळा बदललेली मुलगी. एका घरातून निघताना मांजर सापडलं नाही म्हणून टेम्पोत दोन तास रडलेली मुलगी. तेव्हा आपण पुढे चालकाशेजारी बसून नव्या घराचे नळ कसे आहेत याचाच विचार करत होतो, हे त्यांना आज आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"खाडाखोड चालत नाही," बाई म्हणाल्या. "शेजारी दुरुस्ती लिहून सही करा."

काकांनी शेजारी लिहिलं, 'बाळ चालायला लागलं की मग बघू.' खाली सही केली.

बाईंनी शब्द न् शब्द समजावून घेतला. "ही वेळ नाही झाली."

"त्या रकान्यात मावेल तेवढंच लिहिलंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही पुढचं तपासा."

तेवढ्यात वरच्या निळ्या जोडावरून एक थेंब टेबलावर पडला. मग दुसरा. काकूंनी वर पाहिलं. लेकीने बापाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं, कारण सगळेच काकांकडे बघत होते.

काका वर बघायच्या बेतात होते. मान अर्धी वर गेलीही. मग त्यांनी ती खाली केली, लेकीची बॅग उचलली आणि म्हणाले, "चल. नळाखालून वाकून ये, डोक्याला लागेल."