शिंपीचाचांचा राहिलेला रोजा

आरमोरीच्या बाजारातले शिंपीचाचा सुईकडे न बघता दोरा ओवतात. त्यांच्या मशीनच्या आवाजात मला बसल्या बसल्या डुलकी लागते. चाचांना शुगर आहे. रमजानमधल्या एका दुपारी मोहफुलांचा वास दाटला होता आणि दोरा काही सुईत जाईना. बोटं थरथरत होती. त्यांनी छोट्या यंत्रावर रक्तातली साखर तपासली आणि ते गटागटा साखरपाणी प्यायले.

"संध्याकाळपर्यंत थांबले असते, चाचा," मी उगाच बोललो.

"डॉक्टरनं सांगतलं, शुगर उतरली का थांबाचं नाई. रोजा मंग ठेवता येते."

पुढे पौषातल्या धुक्यात एका सकाळी मी त्यांच्यापुढे चहा धरला. त्यांनी कप हळूच सरकवला.

"डॉक्टरले विचारलं. दिवस लहान आहे. त्या दुपारचा रोजा आज ठेवला."

आणि माझ्याकडे बघतच त्यांनी दोरा ओवला.