बाजू से दिखाओ

"सामने से तो सब अच्छे दिखते हैं, भैया. बाजू से दिखाओ."

असं म्हणून आमचे शेजारी टीव्हीच्या दुकानात पार कडेच्या भिंतीला जाऊन उभे राहायचे आणि मान वाकडी करून पडदा बघायचे. लखनौचा माणूस 'बगल से' म्हणेल. पण लखनौच्या इंदिरानगरात उभा जन्म काढूनही त्यांच्या हिंदीने सातारा काही सोडला नाही.

ते आणि आमचे हे एकाच संशोधन संस्थेत. त्यांचं काम झाडांच्या रोगांवर, पण कॉलनीत सगळे त्यांना डॉक्टरसाब म्हणत. कुणी पोटदुखी सांगत आलं की ते शांतपणे म्हणायचे, "पत्तों का हो तो बताइए." तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. कशावरच घाईने मत देत नाहीत आणि आपल्याला नुसता वैताग आणतात.

चपटे टीव्ही तेव्हा नुकतेच घरोघरी येऊ लागले होते. डॉक्टरसाबांना तो हवा होता ताईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. ताईंना पक्षाघात झाला होता. एक हात तेवढा हलायचा, मान वळायची नाही, बोलणं तुटक. खोली एवढीशी. पलंग कूलरसमोरून हलवता येईना, आणि टीव्हीला जागा होती ती पायाकडच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर. ताईंना तो तिरकाच दिसणार होता. दिवसभर पडून असलेल्या बाईला तेवढीच करमणूक, म्हणून त्यांच्या जिवाला घोर.

एकदा मीही आलमबागेच्या बाजारात त्यांच्याबरोबर गेले. बाईमाणसाचं मत हवं म्हणाले. मत कसलं, त्यांनी घरून उशी आणली होती! भर दुकानात बाकावर उशी टाकून आडवे झाले आणि एकेक टीव्ही लावायला सांगू लागले. गिऱ्हाइकं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्यांचं खरं होतं. एलसीडीवरचे चेहरे तिथून काळवंडलेले दिसत. प्लाझ्मावरचे जसेच्या तसे. सेल्समनने बजावलं की हा वीज जास्त खातो, तापतो, काच चमकते. त्यांनी ऐकलं आणि प्लाझ्माच घेतला.

पहिल्याच दुपारी त्यांचा चेहरा पडला. दुकानात खिडकी कुठली असायला? घरात उजेड आला की त्या काचेत सगळी खोली उमटायची. "उशी नेली, वहिनी, पण खिडकी न्यायची राहिली," मला म्हणाले. इतकं खजील मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानदार भला, एलसीडी बदलून द्यायला तयार झाला. आता काळवंडलेले चेहरे तर काळवंडलेले.

दुकानाची माणसं खोकं घेऊन आली तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी टीव्हीला हात लावला आणि ताईंनी आपला चालता हात वर केला.

"राहू दे."

"अगं, पण चकाकतो ना."

"तुम्ही... दारात आलात... की दिसता."

दार ताईंच्या डोक्यामागे होतं. आजारी पडल्यापासून कोण आलं, कोण गेलं, हे त्या फक्त ऐकत होत्या. मला तर तिथेच रडू फुटलं. खोकं परत गेलं.

त्यानंतर या गंभीर माणसाने जे काही चालवलं, काय सांगू! बाजारातून आले की आधी दारात थबकायचे आणि कोथिंबिरीची जुडी उंच धरायचे. एकदा दुधी गदेसारखा खांद्यावर टेकवून उभे. टीव्ही बंद, आणि ताई आपल्या हसतायत.

ताई गेल्या. काही दिवसांनी मी डबा घेऊन गेले तर ते ताईंच्या पलंगावर बसलेले, समोर बंद टीव्ही. मागे न वळता म्हणाले, "या, वहिनी." मी डबा ठेवला.

पुढे लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिने घरात मोठा एलईडी लावला, नव्या धर्तीचा, बिनचकाकीचा. तिकडून फोन आला तेव्हा मी थट्टेने विचारलं, "काय भाऊजी, बाजूने बघितलात का?"

"बघितला. चित्र उत्तम आहे. बाजूनेही दिसतं." मग म्हणाले, "पण वहिनी, बंद केला की त्यात काहीच दिसत नाही."