सुभेदाराची चित्रं

माझ्या पीएचडीबद्दल कुणी विचारलं की मी बोलणं टाळायचे. दोनशे वर्षांपूर्वी एका युरोपियन राजाने दूरच्या बेटावर नेमलेला कारभारी फावल्या वेळात चित्रं काढायचा, आणि त्या चित्रांवर मी जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये बसून डोळे फोडत होते. यात सांगण्यासारखं काय होतं?

आई गेली त्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडे राहायला आले आणि त्यांनीही विचारलं. जर्मन ‘श्टाटहाल्टर’ला जवळचा मराठी शब्द म्हणून मी म्हटलं, राजाचा सुभेदार होता तो, आणि चित्रकार.

बाबा एकदम ताठ बसले. ते स्वतः फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आमच्या विहारातली बुद्धाची सगळी चित्रं त्यांच्या हातची. मी जुना सुभा, त्याचा कारभार वगैरे समजावू लागले, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, काय म्हणतो आमचा सुभेदार? मीही म्हणायचे, गेनाऊ, अगदी बरोबर, तुमचाच गडी. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आई गेल्यापासून ते असं बोललेच नव्हते.

मग एक दिवस त्यांनी रंग मागितले. चार वाजताच अंधारणाऱ्या त्या खोलीत दिवा लावून ते आईचा चेहरा रंगवू लागले. कपाळ, नाक, हनुवटीवरचं गोंदण कागदावर उतरलं. डोळे मात्र शेवटी, हा त्यांचा नियम. बुद्धाचे डोळेही ते अंघोळ करून, सगळ्यात शेवटी उघडायचे. या डोळ्यांपर्यंत ते पोहोचले की माणसांत येतील, अशी माझी आशा होती.

त्याआधी त्यांना सुभेदाराची चित्रं बघायला संग्रहालयात यायचं होतं. तिथं एका चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. माडांची रांग, झोपड्या, ओढून ठेवलेल्या होड्या.

“झाडं जिवंत आहेत,” ते म्हणाले. “माणूस एकही नाही. का गं?”

मी सांगून टाकलं. माणसं आधीच हाकलली होती. गाव जाळायचं होतं, आणि जाळण्याआधी याने त्याचं चित्र काढून घेतलं, कारण दिसायला छान होतं.

“वरून हुकूम आला असेल. सुभेदार काय करणार?”

“हुकूम त्याचाच होता, बाबा. तिथं त्याच्या वर कुणी नव्हतं.”

परतताना ट्राममध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. आमचा थांबा येता येता म्हणाले, “मला वरून हुकूम आले होते. मी पाळले.” काय पाळलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. दोन शतकांपूर्वी मेलेल्या त्या माणसाचा मला इतका राग आला की माझ्याच कामाचा वीट आला.

त्यानंतर त्यांनी ब्रश धुऊन डब्यात ठेवला. ते परत गावी निघायच्या सकाळी मी चित्र त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, बाबा, डोळेच तर राहिलेत, एवढं करून जा.

त्यांनी बुटांची नाडी बांधली.

“नको,” ते म्हणाले. “डोळे उघडले की ती माझ्याकडे बघेल.”