कोल्हापूरचे तीन दिवस आणि एका खोलीची किल्ली

हे लिहायला मला एका वाक्याने भाग पाडलं. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाचे प्रशासक मला म्हणाले, "मॅडम, त्याला वेगळी खोली कशाला? दोन मिनिटांचं तर बोलणं." ते दोन मिनिटांचं बोलणं काय असतं, ऐका. तुमच्या मुलाचा मेंदू मृत झालाय, तो परत येणार नाही, त्याचे अवयव दुसऱ्या कुणाला देता का? हे बोलायला खोली कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. मी साताऱ्याला परत आले तरी राग उतरलेला नाही.

मी निवृत्त आहे. आयुष्यभर नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. आता अतिदक्षता विभागातल्या नर्सेसना प्रत्यारोपण समन्वयक होण्याचं प्रशिक्षण देते. समन्वयक म्हणजे नातेवाइकांशी बोलणारी, डॉक्टर, कागद आणि गाड्या यांचा मेळ घालणारी व्यक्ती. कोल्हापूरचं बोलावणं आलं, तीन दिवसांचं. लगेच होकार दिला.

सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. महामार्गाचं काम चालू असल्याने गाडी सारखी बाजूच्या रस्त्यावर उतरते, तेव्हा तास-दीड तास जास्तीचा धरा. कराडला चहा चांगला मिळाला, स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि शेजारीच मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस देतात. "पावणं, कट वाढू की?" वाढप्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाढला. डोळ्यांतून पाणी आलं, पण मिसळ उत्तम.

पहिल्या दिवशी वर्गात बारा नर्सेस होत्या. मी सराव घेतला. एकीने आई व्हायचं, दुसरीने तिला सांगायचं की मेंदूमृत्यू झाला आहे. पहिली उठली, समोर बसली आणि म्हणाली, "घाबरू नका मावशी." मी थांबवलं. दुसरी उठली. "काळजी करू नका, होईल सगळं ठीक." तिसरीचंही तेच. मूल गेलेलं आहे आणि या म्हणतायत ठीक होईल!

"तोंडातून आपोआप येतं मॅडम," एक जण ओशाळून म्हणाली. "वीस वर्षं हेच बोलतोय की."

मी चिडले, पण चिडायचं कुणावर? पेशंटला धीर द्या, नातेवाइकांना धीर द्या, हे यांच्यासारख्या मुलींकडून घोकून घेणारी मीच होते.

वैशाली नावाची नर्स मात्र सरावाला उठलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता माझ्यापाशी आली. "मॅडम, माझं नाव काढा समन्वयकांच्या यादीतनं."

"का?"

तिने सांगितलं. काही महिन्यांपूर्वी अपघातातला एक तरुण तिच्याच देखरेखीखाली होता. सकाळी त्याच्या वडिलांना ती नेहमीसारखं म्हणाली, काळजी करू नका मामा. दुपारी मेंदूमृत्यूची पहिली तपासणी झाली. सहा तासांच्या अंतराने दुसरी व्हायची होती. ती व्हायच्या आतच वरून निरोप आला, नातेवाइकांना विचारून ठेवा. समन्वयक म्हणून कागदावर वैशालीचं नाव, आणि त्याच दिवशी ड्यूटीही तिचीच. तिने विचारलं. घरच्यांनी नकार दिला. "मला त्या घरी जाऊन यायचंय," ती म्हणाली. "एकटीला धीर होत न्हाय."

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ग दुपारी संपवला आणि आम्ही वारणानगरची एसटी पकडली. वाघबीळच्या फाट्यावरून पन्हाळ्याचा रस्ता वर जातो. तुम्ही जाल तेव्हा जरूर चढा, वर झुणका-भाकर आणि गार वारा आहे. आम्ही कोडोलीकडे गेलो. दोन्हीकडे ऊस, पुढे ट्रॅक्टर.

साखर कारखान्याच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. मामांनी तिला ओळखलं. दारातच म्हणाले, "या ताई. तुमच्यावर राग न्हाय माझा."

मामी चहा टाकायला आत गेल्या. मामांनी आवाज खाली आणला. "मी दान द्यायला न्हाय म्हणणारा माणूस न्हवं, बाई. पण विचारलं कुठं? बिलाच्या खिडकीसमोर. मागं माणसं रांगंत उभी. हिला पाणी पायजे होतं म्हणून मी दोन मजले खाली गेलतो. बाटली घेऊन वर येतोय तर ही भिंतीला टेकून बसलेली, आन् ह्या ताई हातात कागद घेऊन उभ्या."

वैशाली म्हणाली, "मामा, चुकलं माझं. सकाळी एक सांगितलं आणि संध्याकाळी एक."

"तुमच्या एकटीचं न्हाय ते." मग माझ्याकडे वळले. "तिथं पाणी तरी ठेवा की हो."

परतीच्या गाडीत वैशाली रडली. मी रडू दिलं. ठीक होईल म्हणाले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाराही जणींना घेऊन प्रशासकांकडे गेले. दोन गोष्टी मागितल्या: नातेवाइकांशी बोलायला एक बंद होणारी खोली, आणि समन्वयकाला त्या दिवशी वॉर्डची ड्यूटी नाही असा लेखी आदेश. तेव्हा त्यांनी ते वाक्य उच्चारलं. दारावर 'अवयवदान श्रेष्ठदान'चा माणसाएवढा फलक लावायला यांच्याकडे जागा आहे. बारा बायकांसमोर मी त्यांना पाण्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघा. मी बसते." पाऊण तास बसले. शेवटी अतिदक्षता विभागाशेजारच्या अडगळीच्या खोलीची किल्ली आली. आत मोडकी खाट, जुने पंखे, गणपतीच्या सजावटीचा थर्माकोल. प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस आम्ही तेरा जणींनी पदर खोचून, ओढण्या बांधून ती खोली उपसण्यात घालवला. समारोपाचं भाषण झालं नाही. कुणाचं अडलं नाही.

साताऱ्यात येऊन चार दिवस झाले. तांबडा रस्सा खायचा राहिला, रंकाळा रिक्षातूनच दिसला. बरोबर काय आलं म्हणाल, तर मामांचं ते 'पाणी तरी ठेवा'. एक खोली मिळाली म्हणून मी खूश व्हावं असं काहींना वाटतं. मी खूश नाही. जे आधीपासून असायला हवं होतं, ते मागून घ्यावं लागलं, आणि निम्मंच मिळालं.

वॉर्डात पाळी बदलताना नर्स चार्ज देते-घेते, तसाच आम्ही निघताना दिला-घेतला. माझ्याकडच्या प्रतीवरून जसंच्या तसं उतरवते:

खोलीची किल्ली – १. मिळाली.
खुर्च्या – ६. मिळाल्या. एकीचा पाय डुगडुगतो.
दाराला आतून कडी – बसवली.
पाण्याचा जार – १, पेले – ६. भरून ठेवले.
समन्वयकाला वॉर्ड ड्यूटी नाही, असा लेखी आदेश – मिळाला नाही. मागणीअर्ज दिला, पोच घेतली.
चार्ज देणार – प्रशिक्षिका. सही.
चार्ज घेणार, समन्वयक – सिस्टर वैशाली. सही.