उत्तर आलं तोवर पेशंट बदलला होता

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

बालाघाटच्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवलंय. लांजीच्या सुनीताताईंना आज रक्त चढवायचं होतं. स्क्रीनवर गट आला ए. रक्त लावण्याआधीच त्या नर्सला ओरडल्या, "मॅडम, माहा गट बी हाय! ए काहून दाखवून राह्यलं?"

सर्व्हरचं उत्तर आल्यावर चालणारं फंक्शन म्हणजे कॉलबॅक; साध्या कॉलबॅकमधल्या this या शब्दाला आपला ऑब्जेक्ट, म्हणजे ज्याची माहिती मागवली तो पेशंट, सापडत नाही. त्यासाठी ॲरो फंक्शन लिहायचं असतं, ते this धरून ठेवतं. आमच्या नीलेशने पेशंट सरळ ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकाच सामायिक डब्यात ठेवला. आधीच्या पेशंटचं उत्तर येण्यापूर्वीच नर्सने ताईंचं नाव उघडलं आणि डब्यात आता ताई असल्यामुळे त्या आधीच्या पेशंटचा गट ताईंना चिकटला.

नीलेश म्हणतो, "भाऊ, टेस्टिंगमध्ये तर चाललं होतं ना!"

हौ, चाललं होतं. तिथे पेशंट एकच होता!

तुमच्याकडे टेस्टिंगमध्ये दोन पेशंटची नावं लागोपाठ उघडून कोण बघतं?