दिलं कुणी, लिहिलं कुणी

आम्ही सिस्टर लोक चहाला बसलो की सासूच्या तक्रारी निघतात असं वाटतं ना? छे. आमचे किस्से सगळे औषधांचे. भिवंडीत बायकांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, ढीग झालाय नुसता.

नियम सोपा आहे. औषध जिनं दिलं, तिनंच चार्टवर लिहून सही करायची. माणसं मात्र सोपी नाहीत.

आमची वैशाली खारबावची. ड्युटी संपली की तिला फक्त गाडी दिसते. एकदा पर्स खांद्याला लावून दारातूनच म्हणते, "तीन नंबरला इंजेक्शन दिलंय गं, तेवढं लिहून टाक."

"मी पाहिलं नाही, मी लिहिणार नाही."

तोंड फुगवून परत आली, लिहिलं, सही केली. गाडी गेली. मग पुढची येईपर्यंत माझ्याच डब्यातली भाकरी खात मला शिव्या देत बसली.

अकलोलीकडची एक आजी होती. वैशालीनं तिला गोळी दिली, लिहिली, सहीही ठोकली. मी सहज विचारलं, "आजी, गोळी दिली का?"

"दिली हाय."

"घेतली?"

"न्हाय. नातू यायचाय. त्याला दाखवीन, मंग घेईन." आणि उशाखालून काढून दाखवली.

तेव्हापासून पेशंटनं गोळी गिळल्याशिवाय वैशाली पेनाचं टोपण काढत नाही.

इमर्जन्सीत मात्र देणारीचे हात मोकळे नसतात. मग ती औषधाचं नाव घेऊन मोठ्यानं "दिलं" म्हणते. दुसरी तिच्या नावावर ते टिपते आणि "लिहिलं" म्हणते.

सुनीता नावाची पेशंट होती, नवरा लूमवर कामाला. दुपारी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. वैशाली देत होती, मी लिहीत होते. "दिलं." "लिहिलं." सुनीताचे डोळे मिटायला लागले. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

डॉक्टर धावत आल्या. "काय काय दिलंय?" एखादं औषध दोनदा गेलं असतं किंवा राहिलं असतं, तर तिच्या जिवावरच बेतलं असतं. मी भराभर वाचून दाखवलं. त्यांनी पुढचं सांगितलं. पुन्हा "दिलं", पुन्हा "लिहिलं". संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. वैशाली स्टुलावर बसून रडली, मीही.

सकाळी बाळाला सुनीताच्या कुशीत दिलं. बराच वेळ ते चुटूचुटू दूध पीत होतं. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज अजून खोल गेलेला.

"सिस्टर, दूध दिया मैंने. लिखो."